ज्याचा विषय, तो भायेर

जोमाकाकांवर मी लिहितोय हे त्यांना कळता कामा नये. कळलं तर ते भांडणार नाहीत. नुसते उठतील, पायांत चपला सरकवतील आणि माझं लिहून होईपर्यंत गावाबाहेर जाऊन बसतील. आपल्याविषयी चार माणसं बोलत असली की तिथे आपण थांबायचं नाही, हा त्यांचा बाणा. एकदा पेणला डॉक्टर काकांचं दुखणं त्यांच्या पुतण्याला समजावून सांगू लागले, तर पेशंट गायब! शेवटी समोरच्या टपरीवर चहा पिताना सापडले. "माजा विषय निघाला ना," म्हणाले. "ज्याचा विषय, तो भायेर."

कासू स्टेशनात उतरून खाडीच्या दिशेने चालू लागलं की त्यांचं गाव लागतं. तिथल्या शाळेत मी मास्तर होतो. भातशेती आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा बांध, आणि त्या बांधात फळ्यांचं एक दार, त्याला उघाडी म्हणतात. भरतीला ती बंद हवी, ओहोटीला उघडी. चुकलं तर खारं पाणी शेतात. ही राखण जोमाकाकांकडे होती. मोबदला एकरी दोन पायली भात, आणि तो दरसाल गावकीत, म्हणजे देवळातल्या बैठकीत ठरे. गावकीचा जुना रिवाज असा, की ज्याच्याबद्दल ठरवायचं त्याने उठून बाहेर जायचं. अशा वेळी बाकीचे लोक बाहेर ओट्यावरच बिडी ओढत कान आत ठेवून बसत. काका मात्र थेट विहिरीपर्यंत जात. त्यांना परत बोलवायला माणूस धाडावा लागे.

त्या वर्षी उधाणाने बांध फुटला, मोठी खांड पडली आणि निम्म्या गावाचं भात खाऱ्या पाण्याने जळालं. रोह्याकडच्या एका कारखान्याने गावातली पोरं घरी बसवली होती. महागाई तर विचारू नका. अशात एका सकाळी मी पारावर पेपर वाचून दाखवत होतो. बातमी होती, दिल्लीत खासदारांचा पगार वाढला.

"वाढवला कोनी?" काकांनी विचारलं.

"त्यांनीच."

"आनि ठरवताना ते व्हते कुठं?"

"आतच."

"आतच?" कुणी चपलांसकट गाभाऱ्यात शिरावं तसा त्यांचा चेहरा झाला. बातमी त्यांनी मला तीनदा वाचायला लावली.

मी पडलो मास्तर. दुसरी बाजू सांगितल्याशिवाय मला अन्न पचत नाही. म्हटलं, "काका, पगार बरा नसेल तर फक्त पैसेवालेच उभे राहतील. गरिबाच्या पोराने दिल्लीत राहायचं कसं?"

"बराबर हाय. द्या की! मी कुठं नको म्हनतो? पन ठरवताना त्यानं भायेर बसावं. तुमचा पगार कोन ठरवतं?"

"आयोग."

"तुमी बसता त्याच्यात?"

"छे!"

"मंग खुशाल घ्या." आपला पगार पहिल्यांदाच कुणीतरी मंजूर केला, असं वाटून मी उगाच सुखावलो.

काका तिथे थांबणारे नव्हते. आमचे खासदार कसल्याशा इमारतीच्या उद्घाटनाला रोह्याला येणार असं कळलं आणि त्यांनी हट्टच धरला, विचारायचंच. मला रजा टाकायला लावली. धुतलेला सदरा, टोपी, आणि आम्ही पॅसेंजरने रोह्याला. वाटेत मी दोनदा परत फिरायचं सुचवलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. मंडपापाशी कार्यकर्त्याने अर्ज मागितला. "अर्ज नाय, सवाल हाय," काका म्हणाले. मग तीन तास आम्ही उन्हात उभे. साहेब गाडीकडे निघाले तसे काका आडवे गेले.

"सायेब, तुमच्या पगाराचा विषय निघाला तवा तुमी उठून भायेर गेलाव का?"

साहेब थबकले. माणूस वाईट नसावा. हसून म्हणाले, "बाबा, सगळेच बाहेर गेले तर हात कोण वर करणार?"

"आमी हाव ना," काका म्हणाले. "यंदा आमचे हात मोकलेच हायेत."

यावर साहेबांनी नमस्कार केला आणि गाडीत बसले.

परतताना मी जरा चिडूनच विचारलं, "काय मिळालं?"

"विचारलं." एवढं बोलून त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "आनि आयका मास्तर, यंदा कोनी माजं भात वाढवायला निंगाला तं मी राखन सोडीन. गाव पेजेवर आलाय. मी वाढ घेऊ?"

खरं तर पेजेवर आधी तेच आले होते. बायको, आंबूबाई, गेल्यापासून त्यांची चूल दिवसातून एकदाच पेटायची. पण हे त्यांना सांगणार कोण?

आणि काकांना नको होतं नेमकं तेच झालं. गावकी बसली आणि धर्मा पाटलांनी विषय काढला. "खांड बुजवताना जोमानं चौघांची माती एकट्यानं वाहिली. एकरी तीन पायली करूया." काका ताडकन उठले आणि बाहेर गेले. कुणी म्हणालं, यंदा कुठून द्यायचं? तेव्हा म्हातारी पोशीबाई बोलली.

"आंबी आठवते का कोनाला? मागं एका उधानाला उघाडीची फली निसटली, तवा जोमा दुसऱ्या टोकाला व्हता. आंबीनं गोनपाट लावला आनि त्याला पाठ देऊन बसली. छातीवरी पानी. ओहटी लागंपर्यंत हलली नाय. राखन दोघांची व्हती, भात एकाचंच दिलं आपुन."

मग एकेक हात वर गेला, जळलेल्या शेतांच्या धन्यांचेही.

बोलवायला मला पाठवलं. काका विहिरीवर नव्हते. देवळाच्या खिडकीखाली, भिंतीला टेकून, उकिडवे बसले होते.

"काका, तुम्ही? आणि ऐकत होता?"

चोरी पकडल्यासारखी त्यांनी मान खाली घातली. "जातच व्हतो. आंबीचं नाव आयकलं आनि पाय उचलंना. सात वर्सं झाली मास्तर, तिचं नाव कोनी घेतलं नाय."

मी नुसता हात दिला, ते उठले.

आत येऊन उभ्यानेच म्हणाले, "वाढ नको. आदी भात पिकूंद्या, मंग बगू. नायतर उद्यापासून दुसरा राखन्या बगा." पाटलांनी समजावलं, पोशीबाई रागावली, मीही बोललो. काका तसूभर हलले नाहीत. शेवटी जुनाच दर कायम झाला.

लोक उठू लागले. काका मात्र जागच्या जागी उभे होते.

"पोशी, मगाशी सांगत व्हतीस तं पुन्यांदा सांग गो."

मागून कुणीतरी थट्टेने ओरडलं, "जोमा, विषय निघाला, भायेर जा!"

"विषय तिचा हाय," काका म्हणाले आणि सगळ्यांच्या मधोमध मांडी घालून बसले.