रंकाळा एकची मुदतवाढ

"अमरेश, म्हैस थांबली बघ!"

फोनवर दूध सोसायटीचे चेअरमन बाळासो होते. त्यांचा आवाज असा, की फोन नसता तरी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या ऑफिसापर्यंत पोचला असता. अमरेश निपाणीची एसटी गाठायला निघाला होता आणि ऑफिसचा अर्धा जिना उतरलाही होता. त्या दिवशी निपाणीला, सासुरवाडीत, त्याच्या बायकोचं डोहाळजेवण होतं.

"काका, उद्या बघतो की. आज जरा घरचं हाय."

"उद्या? आरं, सभासद फोन करून इचारायला लागल्यात, सोसायटी बुडाली का म्हणून!"

ही म्हैस अमरेशनेच घातली होती. सोसायटीच्या वेबसाइटवर पहिल्याच पानावर ती उभी असे आणि शेपूट हलवत असे. आत काही बिघडलं की आधी शेपूट थांबायचं. सभासदांना वेबसाइटवर दुसरं काही बघायचं असतं असं नाही, पण शेपूट हललं की सोसायटी ठीक चाललीय एवढा भरवसा त्यांना वाटे. अमरेश जिना परत चढला. शेपूट हलेपर्यंत संध्याकाळ झाली. तो निपाणीला पोचला तेव्हा धनुष्यबाणाची आरास उतरवून झाली होती. फोटोत विद्याश्री हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत बसली आहे आणि शेजारची खुर्ची रिकामी आहे.

विद्याश्री रडली नाही की भांडली नाही. तिने फक्त एवढंच विचारलं, "म्हैस बरी हाय न्हवं?"

अमरेशला वाटलं, भांडली असती तर बरं झालं असतं.

"बारशाला तुमी पाळण्यापाशी पायजे," ती म्हणाली. "नुसतं पायानं न्हाय, मनानंबी. फोन वाजला तर मी आन् बाळ हितंच. माझ्या अप्पांच्या घरात दूध लई हाय, म्हशीबी लई हायत, आन् त्या आपापल्या शेपट्या हलवत्यात."

तेव्हाच अमरेशने ठरवलं, की बारशाच्या आत रंकाळा एक निवृत्त करायचं.

रंकाळा एक म्हणजे अमरेशने शिकत असतानाच बांधलेलं फ्रेमवर्क. फ्रेमवर्क म्हणजे काय, हे त्याचे मालक विजयसिंहदादा गिऱ्हाइकाला असं सांगत: "वेबसाइट म्हंजे घर, आन् ह्ये त्याचं जोतं. जोतं आमचं, वर माडी तुमच्या हौसेची." त्या एका जोत्यावर कोल्हापुरातल्या कितीतरी वेबसाइटी उभ्या होत्या. गुळाचे व्यापारी, चपलांची दुकानं, शालूबाईंचा कांदा-लसूण मसाला, बाळासोंची सोसायटी, सगळी मंडळी. पण हे जोतं ज्या पीएचपी नावाच्या भाषेच्या चौथ्या आवृत्तीवर टेकलेलं, तिच्या कर्त्यांनीच त्या पावसाळ्यात जाहीर केलं, की दोन हजार सात सरलं की चौथीची देखभाल संपली. ज्या मुंबईच्या कंपनीच्या यंत्रांवर या वेबसाइटी होत्या, तिनेही कळवलं, की जानेवारीपासून आम्ही चौथी काढून टाकणार. म्हणजे त्याआधी सगळी घरं नव्या जोत्यावर, रंकाळा दोनवर, उचलून ठेवायला हवी होती. रंकाळा दोन तयार होतं. नेटकं होतं, जलद होतं आणि त्यात म्हैस नव्हती.

अमरेश शिस्तीचा माणूस. त्याने पावसाळ्यातच सगळ्या गिऱ्हाइकांना ई-मेल पाठवून सविस्तर सूचना दिली. उत्तर एकाचंही आलं नाही. दिवाळीनंतर त्याने पुन्हा पाठवली, तरी तेच. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. सगळ्यांचे ई-मेल पत्ते त्यानेच काढून दिले होते, पासवर्डही त्याच्याचपाशी होते. गिऱ्हाइकांनी ते पत्ते पाटीवर रंगवले होते, व्हिजिटिंग कार्डावर छापले होते, पण उघडून कुणी कधी पाहिले नव्हते. इतके महिने तो स्वतःलाच कळवत होता.

मग तो दारोदार फिरला. शालूबाईंनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि नकार दिला.

"चालतंय की रं बाळा. चालत्या चुलीला कशापायी लाथ मारायची?"

"मावशी, आत्ता चालतंय. जानेवारीत बंद पडणार."

"पडू दे. पडल्यावर तू हाईसच की!"

ते 'तू हाईसच की' त्याला सगळीकडे ऐकायला मिळालं. लोकांचा विश्वास पाहून एखाद्याला भरून आलं असतं. अमरेशला घाम आला. बाळासोंनी तर त्याला दारातली आपली जुनी एम-एटी दुचाकी दाखवली. "ही बनवणारी कंपनी इचारते का मला, अजून चालवतायसा म्हणून? मी चालवतोय, ती चालतीया." आणि गिऱ्हाइकाच्या होकाराशिवाय त्याच्या वेबसाइटला बोट लावायचं नाही, हा विजयसिंहदादांचा नेम होता.

डिसेंबरात विद्याश्रीला मुलगी झाली. बारसं जानेवारीच्या पहिल्या रविवारी ठरलं. अमरेश मुलीला बघून आला आणि ऑफिसात डोकं धरून बसला. मुलगी नाकाने बापावर गेली होती, पण बघण्याची तऱ्हा अगदी आईची होती.

विजयसिंहदादांच्या मातोश्री, आक्का, रोज दुपारी ऑफिसात डबा घेऊन येत. त्यांनी त्याचा चेहरा पाहिला आणि सगळं विचारून घेतलं.

"आसं व्हय," आक्का म्हणाल्या. "तू लोकास्नी सांगतोयस, म्हातारा झालाय, हाकला. कोण हाकलंल? फेटा बांधा, शाल द्या, नारळ द्या, चार शब्द चांगलं बोला. सत्कार झालेल्या माणसाला परत कामाला बलवायचं धाडस कुणाचं व्हतंय?"

विजयसिंहदादांनी टेबलावर थाप मारली. "आक्का, जेवणबी ठिवूया. तांबडा-पांढरा रस्सा!"

अमरेश हसला, पण दादा आणि आक्का हसत नव्हते. दुसऱ्या दिवशी हॉल ठरला. चौकात फ्लेक्स लागला: 'रंकाळा एक यांचा सेवानिवृत्ती गौरव समारंभ'. ई-मेलला जे जमलं नव्हतं ते फ्लेक्सने एका सकाळीत केलं. येतो म्हणणाऱ्यांचे फोन दुपारपर्यंत सुरूच राहिले. जो तो मुदत विचारण्याआधी रश्श्याचं विचारत होता, ही गोष्ट वेगळी.

समारंभाला हॉल भरला. ज्या कॉम्प्युटरवर रंकाळा एक जन्मलं, तो पिवळट पडलेला डबा व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसवला होता. त्याला कोल्हापुरी फेटा बांधला होता, अंगावर शाल घातली होती. नारळ ठेवायला मांडी नव्हती म्हणून तो शेजारी ठेवला. अमरेश शाकाहारी, त्याच्यासाठी मागच्या बाजूला पिठलं-भाकरी वेगळी काढून ठेवली होती, पण ती तशीच झाकलेली होती. त्याला एवढंच हवं होतं, की भाषणं संपावीत, लोकांनी होकार द्यावा आणि आपण निपाणीला जावं.

भाषणं मात्र रंगली. शालूबाई माइकपुढे आल्या आणि डोळ्यांना पदर लावला. "माझा मसाला लंडनला गेला तो ह्यांच्यामुळं. कवा रजा न्हाय, कवा कुरकुर न्हाय." रंकाळाच्या वाटची बुडालेली रजा आणि घरची कुरकुर अमरेश सोसत होता, पण ते त्याने मनातच ठेवलं. एका चप्पलवाल्याने तर फेट्यासमोर वाकून नमस्कार केला. आपला पोरगा इतका मोठा झाला हे बघून बापाला वाटावं तसं अमरेशलाही घडीभर वाटलं.

शेवटी प्रमुख पाहुणे बाळासो उठले.

"मंडळी, असली सेवा देणारं आपण घालवायचं? हे आपल्या कोल्हापूरला शोभतंय व्हय?"

"न्हाय!" हॉल ओरडला.

"मग मी सूचना मांडतो. रंकाळा एक यांना आणखी दोन वर्सं मुदतवाढ!"

"अनुमोदन!" शालूबाई म्हणाल्या. सगळे हात वर झाले. सहकारात मुरलेली माणसं ती, ठराव पास करायला त्यांना चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. बाळासोंनी डब्याला आणखी एक हार घातला. विजयसिंहदादा व्यासपीठावर टाळ्या वाजवत होते, कारण सगळेच वाजवत होते. आक्का कपाळाला हात लावून बसल्या.

अमरेशच्या डोळ्यांपुढे निपाणीतला पाळणा आला आणि त्याच्या शेजारची रिकामी जागा आली. आता जानेवारीत सगळ्या वेबसाइटी एकदम बंद पडणार आणि सगळे फोन एकाच माणसाला येणार. तो जन्मात कधी माइकवर बोलला नव्हता. त्याची नजर पहिल्या रांगेवर गेली. तिथे सोसायटीचे माजी सेक्रेटरी गणपतराव मान छातीवर टेकवून शांत झोपले होते. टाळ्यांनीसुद्धा ते जागे झाले नव्हते. अमरेश उठला आणि त्याने माइक धरला.

"काका, एक इचारू? गणपतरावांना तुमी मुदतवाढ दिलीया न्हवं?"

"दिलीया की! दुसऱ्यांदा दिली."

"ते सोसायटीत काय काम करत्यात?"

बाळासो चपापले. "काम? आरं, काम कशाला करतील? मुदतवाढीचा माणूस हाय तो. सल्लागार! येत्यात, बसत्यात, च्या पित्यात."

"मग काम कोण करतंय?"

"नवा सेक्रेटरी करतोय की. त्यो कशाला हाय मग?"

"आन् गणपतरावांना कुणी रात्री-बेरात्री फोन करतंय?"

"छ्या! रिटायर माणसाला तरास द्यायचा व्हय? माणुसकी हाय का न्हाय?"

"मग हेंनाबी सल्लागार करा," अमरेश फेट्याकडे हात करून म्हणाला. "हेंनी नुसतं बसायचं. काम रंकाळा दोननं करायचं. मला ह्या जानेवारीत पोरीच्या बारशाला जायचंय. बायकोच्या डोहाळजेवणाला मी म्हशीपाशी व्हतो, काका."

शालूबाईंनी वळून बाळासोंकडे असं पाहिलं, की चेअरमन माणूस खाली बघायला लागला.

"आदी सांगायचं की रं," बाळासो पडल्या आवाजात म्हणाले. "आमी काय राक्षस हाय?" मग त्यांनी माइक परत घेतला, आवाज पुन्हा चढवला आणि ठरावाला दुरुस्ती मांडली. रंकाळा एक सल्लागार, कामकाज रंकाळा दोनकडे, सर्वानुमते मंजूर. त्या गलक्यात गणपतराव जागे झाले आणि काही न विचारता त्यांनीही हात वर केला.

जेवणाच्या पंगतीतच सगळ्यांचे होकार मिळाले, कुणाचा रश्श्याच्या वाटीवरून, कुणाचा हात धुता धुता. नाताळपासून अमरेश आणि विजयसिंहदादांनी एकेक वेबसाइट उचलून नव्या जोत्यावर ठेवली. वर्ष संपायच्या आत सगळ्या हलल्या. बाळासोंची एकच अट होती. म्हणून सोसायटीच्या नव्या पानावर वरच्या कोपऱ्यात म्हशीचं चित्र आलं. गळ्यात हार, डोक्याला फेटा, खाली 'सल्लागार'. शेपूट स्थिर होतं. सल्लागाराचं शेपूट हलत नाही हे सभासदांनी बिनतक्रार मान्य केलं.

बारशाच्या दिवशी अमरेश निपाणीत इतक्या लवकर पोचला, की सासूबाई अजून अंगणात रांगोळी काढत होत्या. दुपारी पाळणा सजला. आत्याबाईंनी बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले. शांभवी. अमरेश पाळण्याची दोरी धरून उभा होता. फोटोवाला म्हणाला, "हां, असंच हसा," आणि अमरेशच्या खिशात फोन वाजला.

सगळ्यांच्या हातातलं काम थांबलं. विद्याश्रीने हात पुढे केला. अमरेशने फोन तिच्या तळहातावर ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

"बोला काका," ती म्हणाली. "म्हैस थांबली व्हय?"

"न्हाय बाय, म्हैस झकास बसलीया!" बाळासोंचा आवाज घरभर ऐकू आला. "पैल्यांदा पोरीला आशीर्वाद सांग. आन् अमरेशला इचार, ते दोन नंबरचं कवा रिटायर व्हणार? आदी कळालं पायजे बग. हॉल मिळत न्हाय, आन् मंडळी म्हणत्यात रस्सा त्याच आचाऱ्याचा. कितीबी वर्सं लागू देत, पर तारीख पक्की सांग."

जी सूचना पावसाळ्यापासून कुणी उघडून पाहिली नव्हती, ती आता गिऱ्हाईक स्वतःहून मागत होतं. अमरेशने डोळे उघडले. विद्याश्री पाळण्यात बघत होती आणि तिला हसू आवरत नव्हतं.

"लिहून घ्या काका," ती म्हणाली. "आमची शांभवी पहिलीत जाईल त्या जूनात. शाळेच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी तिला सोडायला ह्यांना मोकळं ठेवायचं."

"लिवलं!" बाळासो म्हणाले. मग थोडं थांबून त्यांनी हळूच विचारलं, "मग सल्लागार दोन व्हतील न्हवं? बरं झालं. म्हैस एकटीच बसलीया बघ."