ताटाएवढा ठसा

एका जंगलात, बाळांनो, चोऱ्या रोज व्हायच्या आणि चोर कधीच सापडायचे नाहीत. नाही म्हणायला एक न्यायसहायक प्रयोगशाळा होती. तिथे साळिंदरकाका काडीनं पावलांचे ठसे मोजत बसायचे. त्यांचं मोजून होईपर्यंत चोर म्हातारपणानं मरायचा.

मग शहरात शिकून हुप्पे नावाचं माकड परत आलं. डॉक्टर होऊन आलं, सोबत संगणक घेऊन आलं. डॉक्टरांनी जंगलातल्या साऱ्यांच्या पावलांचे ठसे संगणकात भरले. आता चिखलातल्या ठशाचा फोटो दाखवला, की संगणक आपल्याकडचा सर्वांत जवळचा ठसा शोधायचा आणि नाव सांगायचा. अंडी चोरणारं मुंगूस सापडलं. मध चोरणारं अस्वल सापडलं. साळिंदरकाका आनंदानं इतके फुलले, की त्यांच्या शेजारी कुणाला बसवेना.

ठसा राहिला होता फक्त वाघमहाराजांचा. डॉक्टर शाई घेऊन गेले होते, पण दिवाणजी कोल्हे त्यांच्यावर डाफरले.

"महाराजांचे पाय धरायचे असतात. ठसे कसले घेताय?"

डॉक्टरांनी पाय धरले आणि ते परत आले.

त्या वर्षी महाराजांनी हुकूम काढला. श्रावणात शिकार बंद, हुकूम मोडेल तो हद्दपार. थोड्याच दिवसांत पाणवठ्यावर एक थोराड सांबर मरून पडलेलं दिसलं. अर्धं खाल्लेलं. शेजारी चिखलात ताटाएवढे ठसे. ते कुणाचे, हे सगळ्यांना कळलं. म्हणूनच कुणी बोललं नाही.

संगणकाला विचारलं. त्यानं थोडी गुरगुर केली आणि नाव सांगितलं: बारकाबाई रानमांजर.

ही बारकाबाई नात्यानं महाराजांची मावशी. तिला जांभळीखालून उठवून दरबारात आणलं. बिचारी नुकतीच व्याली होती. पिल्लांचे डोळेसुद्धा अजून उघडले नव्हते. त्यांना घेऊन हद्दीबाहेर जायचं कुठे?

"काका, माझा पाय तरी बघा की हो!" तिनं पंजा पुढे केला. "त्या ठशात मी अख्खी मावेन!"

साळिंदरकाकांनी पंजा बघितला, ठसा बघितला. "डोळ्यांना काय कळतंय, मावशी? डोळे कुठे शिकलेत?"

डॉक्टर हुप्पे शेपूट कुरवाळत पुटपुटले, "सर्वांत जवळचा हाच आहे. म्हणजे, आमच्याकडे आहेत त्यांतला."

"आणि नाहीत त्यांतला?"

महाराज मिशा चाटत होते, ते थांबले. "मावशी, संशोधनाचा मान राखा."

बारकाबाईला भीती वाटत होती, पण ती खुळी नव्हती. खरं बोलून इथं कुणाचं भलं झालं नव्हतं. तिनं पंजा मागे घेतला आणि सावकाश चाटला.

"बरं बाई. मीच मारलं. एका फटक्यात मान मोडली. अर्ध्यानं पोट भरलं नाही, म्हणून आणखी एखादं बघतच होते."

दिवाणजी चार पावलं मागे सरकले.

"चला, हद्दीपर्यंत मला कोण पोचवतंय?"

शिपाई लांडग्यांपैकी एकाची आई अचानक आजारी पडली. दुसऱ्याच्या पायात काटा मोडला. तिसरा म्हणाला, मी शिपाईच नाही.

महाराजांची पंचाईत झाली. 'ही कसली सांबर मारते!' असं म्हणावं, तर मग मारलं कुणी? शेवटी त्यांनी घसा खाकरला.

"लेकुरवाळी आहे. माफ करा. आणि उरलेलं सांबर तिच्या घरी पोचवा."

"सेनापतीचं पद रिकामं आहे ना?" बारकाबाईनं सहज विचारलं.

तेही मिळालं. आता ती पाणवठ्यावर आली, की रानगवेसुद्धा वाट सोडतात. डॉक्टरांचा सत्कार झाला, कारण जंगलाला सेनापती शोधून दिला तो संगणकानंच.

तात्पर्य: खोटा आरोप आला, तर आधी त्याचं माप बघावं. लहान असला, तर जीव तोडून नाकारावा. मोठा असला, तर लगेच कबूल करून टाकावा.