अण्णांचा डावा काटा

येसूअण्णांच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं असतात. एकच असलं आणि ते खोटं बोललं तर कळायचं कसं, असा त्यांचा सवाल. दोन घड्याळांत फरक पडला की ते वाटेतल्या माणसाला थांबवून वेळ विचारतात आणि त्याच्यावरही विश्वास ठेवत नाहीत. पिंपळवंडीत आमची घरं एकाच बांधाला लागून, त्यामुळे हा वाटेतला माणूस बहुतेक मीच असतो.

अण्णांचं एकच शास्त्र आहे. "जागा बदला आन् खोट कुठं जाती ते बगा." पंखा फिरेना, की ते तो काढून दुसऱ्या खोलीत लावतात. तिथं फिरला तर पंखा निर्दोष, खोली दोषी. एकदा ग्रामसभेत दोन मेंबर हातघाईवर आले, तर अण्णांनी उठून त्यांना एकमेकांच्या खुर्चीवर बसायला लावलं. भांडण होतं तसंच चालू राहिलं. "म्हंजी खुर्च्या चांगल्या हाईत," असा निकाल देऊन अण्णा खाली बसले.

असा माणूस नुसती द्राक्षं पिकवून गप्प कसा बसेल? कांद्याच्या रिकाम्या चाळीत त्यांनी विमान बांधलं. खरंखुरं, दोन माणसांचं. इंजिन तेवढं विकत आणलं, बाकी सगळं हातानं. उडायची परवानगी सरकार देईल तेव्हा देईल, तोवर निदान पडीक रानातून एक फेरी पळवायची, असा त्यांचा बेत. इंजिनाच्या आवाजानं उसातला बिबट्या लांब राहतो म्हणून गावानंही ते चालवून घेतलं. "खोडदच्या रेडिओ दुर्बिनीच्या डिशा आभाळातलं ऐकत्यात म्हनं," आमचा दूधवाला म्हणायचा, "आता त्यास्नी आभाळ कुठलं, येसूअण्णाच ऐकू येत आसंल."

घोडं अडलं ते काट्यापाशी. इंजिनाला दोन सिलिंडर, दोन्हींचा ताप मोजायला एकेक सेन्सर आणि समोर दोन काटे. इंजिन तापलं की डावा काटा मागं राहायचा. मी म्हटलं, "कमीच दाखवतोय, मग बरंच की." अण्णांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "दिनू, जास्ती दावनारा नुसता घाबरवतो. कमी दावनारा जीव घेतो."

मग अदलाबदल सुरू झाली. डावा सेन्सर उजवीकडं, उजवा डावीकडं. तरी मागं डावाच. दोन्ही सेन्सर माझ्या बायकोच्या चहाच्या पातेल्यात, उकळत्या पाण्यात बुडवले. तिथं दोन्ही काटे एकमुखानं बोलले. बायकोनं ते पातेलं पुन्हा घरात घेतलं नाही.

या चाचण्यांत अण्णा इंजिनापाशी उभे राहायचे, त्यामुळे आत बसून आकडे ओरडायला दुसरा माणूस लागायचा. त्यांनी निवडलं माझ्या वडिलांना. नाना जन्मभर मेंढरांमागं हिंडलेले. आई गेली, मेंढरं विकली, आणि नाना ओट्यावर बसले ते उठेचनात. जेवा म्हटलं तर दोन घास, बोला म्हटलं तर नुसती मान. माणूस डोळ्यांदेखत विझत होता आणि मला काही सुचत नव्हतं.

अण्णा येऊन म्हणाले, "नाना, सकाळच्याला येत जावा. तुमची नजर पक्की हाय." पहिल्यांदा मीच त्यांना धरून नेलं. पुढं पुढं ते आपणहून काठी घेऊन निघायला लागले. जेवताना सांगायला लागले, "आज डावा लई मागं व्हता." आणि बोलण्याच्या नादात आणखी अर्धी भाकरी मागून घ्यायला लागले.

अशात अण्णांना खोट सापडली. डावी वायर आखूड पडली म्हणून त्यांनीच मध्ये पंपाच्या केबलचा तुकडा जोडला होता. आमच्याकडं काहीही तुटलं की पंपाच्या केबलनंच जोडतात, मग ती वायर असो नाहीतर कपडे वाळवायची दोरी. पण सेन्सरची वायर वेगळ्या धातूची असते. मध्ये तांबं आलं आणि तो जोड इंजिनाच्या झळीनं तापला की काटा चुकतो. पातेल्याच्या वेळी जोड गारच होता, म्हणून चोरी पकडली गेली नव्हती. अखंड वायर कुरियरनं गावातल्या माझ्या दुकानाच्या पत्त्यावर आली, मीच ती पोचवली. नाना तेव्हा माझ्या बहिणीकडं अवसरीला गेले होते. अण्णांनी वायर बसवली, इंजिन लावलं आणि दोन्ही काटे बैलजोडीसारखे बरोबर चालले. रविवारी फेरी ठरली.

रविवारी सगळं गाव जमलं. नानाही परतले होते. अण्णांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "डावा काटा आजून नीट न्हाई. फेरी रद्द." लोक पोट धरून हसले. "अण्णा, इमानाला बैल जुपा," असंही कुणी म्हणालं. अण्णांनी ते ऐकून घेतलं.

लोक पांगल्यावर मी चाळीत गेलो. नवी वायर काढून खुंटीला टांगलेली होती आणि तिच्या जागी पुन्हा तोच केबलचा तुकडा, काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेला.

"हे काय, अण्णा?"

"हळू बोल. नाना भाईर हाईत." अण्णा हात पुसत राहिले. "काटं नीट झालं तर म्हातारा उद्या कशाला यील? बसंल परत वट्यावर. फेरी काय, कवाबी मारता यील."

या एका फेरीपायी त्यांनी किती हंगाम त्या चाळीत घातले, ते मी पाहिलं होतं. वाटलं, त्यांच्या पायांवर डोकं ठेवावं. पण अण्णांना असलं खपत नाही, म्हणून तसाच घरी आलो.

संध्याकाळी नाना मोरीवर पाय धूत होते. मी चाचपून पाहिलं, "नाना, कंटाळा येत असेल तर उद्या नका जाऊ."

"जाया पायजे. नवी वायर खुंटीला हाय, म्या बगितली. ती लावली की काम संपलं. येसू मुद्दाम लावीत न्हाई."

"का बरं?"

"येसूची बायकू नातवंडं सांभाळाया पुन्याला. घरात बोलाया मानूस न्हाई. एकट्याला करमत न्हाई, आन् त्येला सांगाया लाज वाटती." नानांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "म्हनून म्या बी इचारीत न्हाई. तू बी इचारू नको."

मी दोघांनाही काही सांगितलेलं नाही. रोज सकाळी दुकानाला निघताना बांधावर जरा थांबतो आणि या दोघा म्हाताऱ्यांचे मनोमन उपकार मानतो. चाळीत इंजिन धडधडत असतं. त्यावरून नाना ओरडतात, "येसू, डावा आजून मागंच हाय."

"आसू द्या," अण्णा म्हणतात. "उद्या बगू."