सीलबंद इंजिनातला चोर

माझी ओळख करून देण्याची वेळ खरं तर येऊ नये. ज्यांच्यावर ती येते, त्यांच्याविषयी मला सहानुभूती आहे. पोटापाण्यासाठी मी चष्मे विकतो, पण गुन्हेगारांना धडकी भरवणं हा माझा खरा व्यवसाय. आमच्या भागात आजवर एकही खून पडलेला नाही आणि त्याचं श्रेय मी दुसऱ्या कुणाला घेऊ दिलेलं नाही. माणसाच्या बुटांकडे एक नजर टाकली की त्याचा धंदा, स्वभाव आणि सासरची परिस्थिती मला कळते. बूट त्याने कुणाचे मागून आणले असतील, तर तो माझा दोष नव्हे. बायको म्हणते, "तुम्हाला स्वतःचा चष्मा सापडत नाही." चष्मा हा गुन्हेगार नसतो, हे तिच्या लक्षात येत नाही.

तिच्याच धाकट्या भावाने हे प्रकरण माझ्याकडे आणलं. मेहुण्याचं फरश्यांचं गोदाम आहे. सासरे गेले आणि गोदाम, आत्या आणि एक जुनाट डिझेल ट्रक असा सगळा पसारा त्याच्या अंगावर पडला. ट्रक चालवतो उस्ताद. त्याला खरं नाव असणारच, पण ते सासऱ्यांच्या काळातच मागे पडलं. मेहुणा लहान असताना त्याला मांडीवर बसवून ट्रकचा हॉर्न वाजवायला शिकवलं, ते यानेच.

"भाऊजी, उस्ताद तेल चोरतोय," मेहुणा दबक्या आवाजात म्हणाला. "परवा माझ्या डोळ्यांदेखत इंजिनात नवं तेल ओतलं. मधासारखं होतं. आज तेल मोजायची पट्टी ओढून बघितली तर नुसतं डांबर. म्हणजे नवं काढून विकलं आणि कुठलं तरी जुनं भरून ठेवलं. माझ्या गाडीचं तेल बघा ना, कितीतरी दिवस सोनेरी राहतं."

त्याची ती छोटी पेट्रोलवरची गाडी मी पाहिली होती. मुद्दा बिनतोड होता.

"किल्ली काढून घेतलीय मी," तो पुढे म्हणाला. "फेरीपुरती देतो आणि परत आला की मागून घेतो. शनिवारी नवा ड्रायव्हर येतोय. त्याच्या आत मला पुरावा द्या. नाहीतर आत्या माझं डोकं खाईल."

उस्ताद गोदामाच्या दाराशी स्टुलावर बसला होता. हात मांडीवर आणि नजर ट्रककडे. त्याच्या बुटांवरून मी ओळखलं की हा माणूस ड्रायव्हर आहे.

"तेल काळं का झालं?" मी एकदम विचारलं. असा अचानक वार केला की गुन्हेगार गडबडतो.

"इंजिनात होतं म्हणून."

हे उडवाउडवीचं उत्तर आहे, हे मी तिथल्या तिथे ताडलं. "नीट सांगा."

"ज्याच्या वडिलांना कधी सांगावं लागलं नाही, त्याला आता मी काय सांगू?" असं म्हणून तो पुन्हा ट्रककडे बघायला लागला. त्याचा चेहरा फार पडला होता. अपराधी माणसाचा पडतो तसाच, असं माझं मत झालं.

मग मी ट्रकची झडती घेतली. ड्रायव्हरच्या बाजूच्या दारावर आतून खडूने एक आकडा लिहिलेला होता. पुढे नाव नाही की खूण नाही. चोरीचं तेल घेणाऱ्याचा तो फोन नंबर होता, हे शेंबडं पोरही सांगेल. फोन नंबराला काही आकडे कमी पडत होते, ते मी तर्काने भरले. फोन एका दातांच्या डॉक्टरने उचलला. टोळीला संशय येऊ नये म्हणून मी रीतसर वेळ घेतली आणि ठरल्याप्रमाणे गेलोही. डॉक्टर सराईत निघाला. कबुली तर दिली नाहीच, वर माझी एक दाढ काढून घेतली.

गाल धरून मी तपास पुढे चालवला. आता तेल मी स्वतः बदलणार होतो आणि फिल्टरही. उस्ताद वापरतो तो फिल्टर म्हणजे त्याचाच माणूस. मला निष्पक्ष फिल्टर हवा होता.

दुकानदाराने विचारलं, "ट्रक कुठला? इंजिनावर फिल्टर उभा बसतो की आडवा?"

"ही माहिती गोपनीय आहे."

"अहो, आडवा असेल तर आत रबरी झडपेचा लागतो. इंजिन बंद झालं की तेल मागे उतरून जात नाही. साधा हवाय की झडपेचा?"

माणूस फार प्रश्न विचारत होता. मी त्याच्या हातातला रंग उडालेला, काळपट फिल्टर नाकारला आणि काचेतला सगळ्यात चकचकीत घेतला. त्याच्या खोक्यावर वाघाचं चित्र होतं. वाघ कुणाला सामील होत नाही.

तेल बदललं. मग बायकोची लाल नेलपॉलिश घेऊन इंजिनाची प्रत्येक वाट मी सीलबंद केली. खालचा बोल्ट, वरचं झाकण, पट्टीचं तोंड, काही म्हणता काही सोडलं नाही. उस्तादने किल्ली मागून घेतली आणि मी शेजारी बसून पूर्ण फेरी केली. परत आल्यावर मेहुण्यासमोर सील तपासली. नखाएवढीही चीर नव्हती. पट्टी ओढली.

काळं.

मेहुणा मटकन फरश्यांच्या ढिगावर बसला. मीही क्षणभर चक्रावलो. फेरीभर इंजिनाजवळ दोनच माणसं होती. त्यातला एक मी असल्यामुळे मी स्वतःची कसून उलटतपासणी घेतली, पण माझी उत्तरं मला पटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवाच पुरावा हाती आला. ट्रक सुरू करताच इंजिनातून खडखडाट झाला आणि जरा वेळाने थांबला. उस्तादने स्टिअरिंग घट्ट धरलं.

"हा फिल्टर कुणी निवडला?" त्याने विचारलं.

"इथे प्रश्न मी विचारतो," मी म्हणालो.

तो आवाज पुढे रोज सकाळी यायला लागला. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चोर घाईघाईत आपलं हत्यार इंजिनात विसरला होता. पण सील शाबूत असताना तो आत शिरला कसा? म्हणजे तो शिरलाच नव्हता. तो बाहेरच पडला नव्हता. मेहुण्याला हे ऐकून घाम फुटला. चोर कंटाळेपर्यंत रोज तेल बदलायचं, असं आम्ही ठरवलं. शुक्रवारपर्यंत गोदामाच्या दाराशी काळ्या तेलाच्या डब्यांची रांग लागली आणि आत्या एका डब्याला अडखळून पडता पडता वाचल्या.

"हे काय मांडलंय?" त्यांनी विचारलं. हातात ओलं फडकं होतं, नमुन्याच्या फरश्या पुसून आल्या होत्या.

मेहुण्याने सगळं सांगितलं. आत्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आज अजून एक डबा ओता. जावईबापू, तुम्ही इंजिनासमोर उभे राहा आणि पापणीसुद्धा हलवू नका. उस्ताद, तुम्ही इकडे माझ्याजवळ या. आणि तू इंजिन चालू कर."

जुनं काढून मी नवं तेल ओतलं, मधासारखं. मेहुण्याने इंजिन सुरू केलं. आत्यांनी चहा मागवला, आम्ही तो प्यायलो. मी पापणी न हलवता प्यायलो, त्यामुळे थोडा शर्टावर सांडला. चहा संपल्यावर त्यांनी इंजिन बंद करायला लावलं. जरा थांबून पट्टी ओढायला सांगितली.

तेल काळं झालं होतं.

"आता सांगा, कोण येऊन गेलं?" आत्यांनी विचारलं.

त्यांनी हातातलं फडकं वर धरलं. "सकाळी हे पांढरं होतं. फरश्या पुसल्या म्हणून काळं झालं. आता कुणावर चोरीचा आळ घेऊ? अरे, डिझेल जळलं की काजळी होणारच. तेल ती आपल्या अंगावर घेतं, म्हणून इंजिन बचावतं. जुन्या इंजिनात तर कानाकोपऱ्यात मागचं थोडं राहिलेलंच असतं. तुझी गाडी पेट्रोलची, तिचं वेगळं. तुझ्या वडिलांनी जन्मात कधी रंग बघून तेल बदललं नाही."

"मग बदलायचं कधी?" मेहुण्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

आत्यांनी उस्तादकडे बघितलं.

"ट्रक किती चाललाय त्यावर," उस्ताद म्हणाला. "पुस्तकात लिहिलंय त्याच्याही जरा आधीच बदलतो मी. इंजिनाचं वय झालंय, वर फरश्यांचा बोजा आणि गोदामाची ही धूळ. मीटरवर किती दिसलं की बदलायचं, तो आकडा खडूने दारावर लिहून ठेवतो."

माझा हात आपोआप गालाकडे गेला.

"आणि रोज सकाळी खडखडतं ते काय?" आत्यांनी विचारलं.

"आपल्या ट्रकला फिल्टर आडवा बसतो. ह्यात झडप नाही. रात्रभर तेल खाली उतरतं आणि सकाळी इंजिन कोरडंच फिरतं. असंच चाललं असतं तर इंजिन खोलायची पाळी आली असती."

"फिल्टर आणला कुणी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. प्रकरणाचा निकाल लागला होता. ज्याचा सगळ्यात कमी संशय येतो तोच गुन्हेगार निघतो, हे मी पहिल्यापासून सांगत होतो. माझा सिद्धांत इतका तंतोतंत खरा ठरलेला मी तरी कधी पाहिला नव्हता.

मेहुण्याने खिशातून किल्ली काढून पुढे केली. उस्तादने हात पुढे केला नाही.

"दर फेरीला तुम्ही ती परत मागत होता," तो म्हणाला. "मोठ्या मालकांनी कधी विचारलं नाही, किल्ली कुठे आहे म्हणून. मला फार लागलं ते."

मेहुणा ट्रकमध्ये चढला, किल्ली तिच्या जागी लावली, हॉर्न दाबला आणि बाजूच्या सीटवर सरकून बसला.

शेवटी उस्ताद गेला आणि स्टिअरिंगवर बसला. "अजून तसाच वाजवतोस," तो म्हणाला. "मधेच सोडतोस. पूर्ण दाबायचा."

आत्यांनी फडक्याने डोळे टिपले आणि गालाला काळं लावून घेतलं. मेहुण्याने तिथूनच फोन करून नव्या ड्रायव्हरला येऊ नको म्हणून सांगितलं.

झडपेचा फिल्टर आणायला आम्ही तिघे त्याच ट्रकमधून गेलो. दुकानदाराने मला ओळखलं आणि सगळे प्रश्न उस्तादला विचारले. फिल्टर बसवून झाल्यावर उस्तादने दारावरचा आकडा पुसला आणि नवा लिहिला. त्याची मांडणी मला सकृद्दर्शनी संशयास्पद वाटली. पण मी फोन काढला नाही. त्या बाजूला आता एकच दाढ उरली आहे.