इनायत मास्तरांचे ढग

भर उन्हात डोक्याला ओला पंचा गुंडाळलेला एक उंच माणूस समोरून आला, त्यानं माझा हात धरला आणि उचलून आपल्याच डोक्यावर ठेवला.

"घरून निघालो तवा चिंब होता. आता हात लावून बघा. बोला, पानी कुठं गेलं?"

येरमाळ्यातला माझा पहिला दिवस असा सुरू झाला. ते आमच्याच शाळेचे इनायत मास्तर. पन्नाशी ओलांडलेली, वैशाखातसुद्धा शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, आणि वर तो पंचा. मी बार्शीकडून आलेला नवशिका शिक्षक. मला वाटलं, ऊन लागलंय बिचाऱ्याला.

पण गावात हा प्रश्न सगळ्यांनाच विचारून झाला होता. किराणा दुकानदार उत्तर म्हणून त्यांच्या हातावर गूळ ठेवी. मोटारीचा कंडक्टर म्हणे, "मास्तर, पाणी गेलं, आता मोटार पण चालली. चढायचं असलं तर चढा."

मास्तरांना राग येत नसे. उलट ऐकणारा सापडला की ते रस्त्यातच शिकवायला लागत. "पानी मरत न्हाय, गुरुजी. उन्हानं हलकं होतं, हवेत मिसळतं, वर जातं. वर गारवा भेटला की धुळीच्या कनावर बसतं. असे लई कन जमले की झाला ढग."

"मग आपल्याकडं उन्हाळाभर ढग का नाहीत? धूळ तर पोत्यांनी आहे."

"धूळ हाय, पन पानी? जे थोडं वर जातं, त्याला हवा पिऊन टाकती." मग येडेश्वरीच्या डोंगरावर अडकलेल्या एका फिकट, चिमूटभर ढगाकडं बोट करून ते हळूच म्हणत, "त्यात थोडा आमच्या पंच्याचा पन हिस्सा हाय."

निजामाच्या राज्यात त्यांनी वीस वर्षं भूगोल शिकवला, तो उर्दूतून. राज्य गेलं, शाळा मराठी झाली. आणि एके दिवशी हेडमास्तरांनी कागद वाचून दाखवला. परीक्षेआधी शिक्षण खात्याचे डिप्टी साहेब तपासणीला येणार, जुन्या शिक्षकांचा मराठीतून धडा बघणार. ज्यांना जमणार नाही, त्यांची नोकरी राहील याची खात्री नव्हती. मास्तर मान खाली घालून शेरवानीचं बटण चाचपत राहिले.

त्यांना मराठी शिकवायचं काम माझ्यावर आलं. रोज संध्याकाळी मी त्यांच्याकडं जाऊ लागलो. बोलायला मराठी त्यांना माझ्याइतकीच येत होती. वाचायलाही लवकर जमलं. गाडी अडली ती एका शब्दावर.

"बासपी... भाष्पी... गुरुजी, भवन म्हंजे घर ना?"

"हो."

"इथं पानी घर सोडून चाललंय, अन् तुमी त्याला भवन म्हनता?"

आम्ही तो शब्द चालताना म्हटला, चहा पिताना म्हटला, तोडून म्हटला, जोडून म्हटला. शाळेतली पोरं त्यांना पाठीमागं 'बाष्पमास्तर' म्हणायला लागली. मास्तर खुश झाले. म्हणाले, "अर्धा तर पोरांनीच पाठ करून दिला."

तपासणीच्या दिवशी सकाळची शाळा होती, तरी आठालाच पत्रे तापले होते. डिप्टी साहेब खुर्चीत बसून वहीनं वारा घेत होते. मास्तरांनी पुस्तक उघडलंच नाही. घरून आणलेल्या स्टोव्हवर पातेलं ठेवलं, पाण्याला वाफ सुटली, तसं वर माठातल्या गार पाण्यानं भरलेलं ताट धरलं. पोरं बाकांवरून उठून पुढं आली. बघता बघता ताटाच्या बुडाला घाम फुटला.

"आला बघा ढग!" मास्तर ओरडले आणि साहेबांना दिसावं म्हणून ताट तसंच उचलून त्यांच्या पुढ्यात नेलं. टप टप चार थेंब साहेबांच्या उघड्या वहीवर पडले. शाई पसरली. मी मागच्या भिंतीला टेकून डोळे मिटले.

साहेबांनी वही झटकली. "पातेल्यात पाण्याचं जे झालं, त्याला पुस्तकात काय म्हणतात?"

मास्तरांच्या कपाळावरून घाम ओघळला. "साहेब, शब्द सुटला," ते म्हणाले. "गोष्ट मातर धरून ठेवलीया."

"बाष्पीभवन!" अख्खा वर्ग एका आवाजात ओरडला.

साहेब हसले. "तुम्हाला कुणी शिकवला?"

"मास्तरांनी!"

साहेबांनी त्या भिजल्या पानावरच शेरा लिहिला. मास्तर पास झाले. दुपारी त्यांनी शाळाभर बत्तासे वाटले.

माझी जबाबदारी संपली. संध्याकाळी जाणं बंद झालं. खरं सांगायचं तर मी सुटलो म्हणालो.

चौथ्या दिवशी दिवेलागणीला मी खोलीत खिचडी टाकत होतो, तर दारात इनायत मास्तर. डोकं उघडं, हातात भूगोलाचं पुस्तक, मध्ये बोट घातलेलं.

"गुरुजी, वारे समजून घ्यायचे होते. पुढचा धडा हाय."

"अहो मास्तरसाहेब, तुम्ही तर पास झालात. आता कोण विचारतंय?"

"ते खरं हाय." ते दारातच उभे राहिले. त्यांची बेगम जाऊन बरीच वर्षं झाली होती. दोघं भाऊ हैदराबादेला निघून गेले होते, हेही मला ठाऊक होतं. इतक्या संध्याकाळी त्या घरात बसलो, पण चहा तेच करतात, दिवा तेच लावतात, याचा मी कधी विचार केला नव्हता.

"घरी मोठ्यानं वाचतो मी," पुस्तकाकडं बघत ते म्हणाले. "पन चूक काढायला कोन न्हाय."

मी आणखी दोन मुठी तांदूळ धुऊन पातेल्यात टाकले आणि बाज पुढं ओढली.

"बसा. पहिल्या ओळीपासून वाचा."