दिव्यावरची काळी पट्टी

आमच्या जुन्या पिकअपमध्ये चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला, तेव्हापासून घरात कुणीही नीट झोपलेलं नाही. कारण आमचा बोका, म्हणजे माझा तान्हा मुलगा, फक्त त्याच पिकअपमध्ये झोपतो. पाळणा झाला, मांडी झाली, आत्याने पाठवलेली गाणारी उशी झाली. स्वारीला त्या इंजिनाची घरघरच लागते. दुपारी एक फेरी मारली की डोळे मिटतात. आणि दिवा लागलेला दिसला तर गाडी आरटीओच्या तपासणीत नापास, नापास झाली की फेरी बंद.

म्हणून मेस्त्रीला बोलावलं. त्याने स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला, पडद्यावरचा कोड वाचला आणि ऑपरेशन करून डॉक्टर बाहेर यावेत तसा चेहरा करून उतरला. ऑक्सिजन सेन्सरचं म्हणणं होतं, की इंजिनात हवा जास्त होते आहे. सबब सेन्सर बाद.

"पण हवा खरंच जास्त होत असेल तर?" मी विचारलं.

"वहिनी, तक्रार कोण करतंय? सेन्सर. मग बिघडलंय कोण?"

तर्क स्वच्छ होता. सेन्सर बदलला. नवा कामावर रुजू झाला आणि पहिल्याच दिवशी त्याने तीच तक्रार केली. नव्या माणसाने आल्या आल्या असं बोलणं मेस्त्रीला आवडलं नाही. त्याला शेजारच्याची संगत लागली असावी, अशा संशयावरून शेजारचा हवेचा सेन्सरही काढण्यात आला. पाठोपाठ तापमानाचा. त्याने कसलीच तक्रार केली नव्हती, पण मग तो इतका गप्प का, हा प्रश्न उरतोच.

दरम्यान मला बॉनेटखालून बारीक फुसफुस ऐकू यायला लागली. झोपलेल्या बाळाच्या श्वासाकडे कान लावून दिवस काढले की असलं काहीबाही ऐकू येतं. मी तसं सांगितलं. मेस्त्रीने इमानदारीत स्कॅनर पुन्हा लावला. त्यात फुसफुशीचा कोड नव्हता. नवऱ्याचं मत पडलं, की माझी झोप होत नाही म्हणून मला भास होतात. सासूबाईंनी मायेने तोडगा काढला: हिला चार दिवस माहेरी पाठवू, तोवर माझी बहीण येऊन राहील. थोडक्यात, घरातलाही सेन्सर बदलायचं ठरलं.

तपासणीच्या सकाळी मेस्त्रीने दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. बोक्याच्या झोपेची वेळ होती, म्हणून आम्ही सगळेच गेलो. गाडी उभ्या जागी अशी थरथरत होती, की दारावर टेकवलेल्या कागदावर अधिकाऱ्याची सही आपोआप होत होती.

"इंजिनाचा दिवा लागलाय का?"

"दिसत तर नाही, साहेब," नवरा म्हणाला. तो खोटं बोलत नाही.

गाडी पास झाली. परतताना चढावर ती खोकली, आचका दिला आणि थांबली. घरघर थांबताच बोक्याने भोकाड पसरलं. सासूबाईंनी त्याच्या तोंडात चोखणी कोंबली. नवऱ्याने मेस्त्रीला फोन लावला. दिवा लागला नसेल तर गाडी बंद पडलेली नाही, असं तिकडून शांतपणे सांगण्यात आलं.

मी उतरले. बॉनेट उघडलं आणि नवऱ्याला स्टार्टर मारत राहायला सांगून फुसफुशीच्या मागावर बोट नेलं. एक रबरी नळी चिरली होती, आणि तिथून जास्तीची हवा खरंच आत जात होती. गुंडाळायला जवळ काही नव्हतं, म्हणून दिव्यावरची पट्टी ओढून काढली आणि नळीला घट्ट वेटाळली.

इंजिन सुरू झालं. इतकं मऊ, की बोका अर्धा हुंदका तोंडात ठेवूनच झोपला. त्याच्या मुठीत माझं बोट होतं, ऑइलने काळं झालेलं. समोर मात्र पिवळा दिवा लखलखत होता. जुना कोड पुसायचा राहिला होता.

नवऱ्याने दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय केलंस हे? चांगली पास झालेली गाडी."

सासूबाईंनी बहिणीला फोन लावला.

संध्याकाळी मेस्त्री पट्टीचं अख्खं रीळ देऊन गेला, दिवा पुन्हा झाकायला. बरंच उरलंय. वाचता वाचता 'ही बाई जरा जास्तच कुरकुरते' असं तुमच्या मनात येऊन गेलं असेल, तर कळवा. तुमच्या घरी कुणासाठी तरी लागेलच. हवा तेवढा तुकडा कापून पाठवते.