धुतलेलं बदक

पाणी कशात मुरतं आणि कशावरून घरंगळतं, हे आमच्या रेनकोटच्या कारखान्यात माझ्याइतकं कुणालाच कळत नाही, असं मी परवा-परवापर्यंत छातीठोकपणे सांगत असे! कापडावर थेंब सोडायचा आणि तो गोल राहतो की पसरतो ते बघायचं, हेच माझं काम. मोठे खरेदीदार येणार म्हटल्यावर मीच साहेबांना सुचवलं, नुसतं कापड काय दाखवायचं? चाचणीच्या टाकीत जिवंत बदकही सोडू. निसर्ग आणि आपण, दोघं एका पंगतीत!

बदक घरातच होतं. माझ्या लेकीची पिठी. अंड्यातून बाहेर आल्यापासून ती लेकीच्या मागे मागे फिरायची, तिच्या दप्तरावर झोपायची. लेक द्यायला तयारच नव्हती. पिठीला काही झालं तर तुझ्याशी बोलणार नाही, असं तिने मला बजावलं. मी हसलो. बदकाला पाण्यात काय होणार?

आता, आमच्या प्रयोगशाळेचा एक नियम आहे. चाचणीआधी प्रत्येक नमुना साबणाने खळखळून धुवायचा, तेलकटपणाचा अंशही उरता कामा नये. इतकी वर्षं हेच केल्यामुळे माझे हात डोक्याला विचारायला थांबत नाहीत. पिठीच्या अंगाला चिखल दिसला आणि मी तिला त्याच साबणाने घासघासून धुतलं. ती पांढरीशुभ्र झाली. मला केवढा अभिमान वाटला!

खरेदीदार जमले. मी पिसांवर भाषण ठोकलं आणि पिठीला टाकीत सोडलं. ती जरा वेळ तरंगली. मग तिची पिसं फडक्यासारखी पाणी प्यायला लागली. शेपटी बुडाली, पाठ बुडाली, नुसती मान उरली. ती माझ्याकडेच बघत होती.

"हे असंच असतं का?" एका खरेदीदाराने अदबीने विचारलं.

मी रेनकोटसकट टाकीत उडी मारली. रेनकोट आमच्याच कारखान्याचा होता. तोही आतून ओला झाला.

पिठीला टॉवेलात गुंडाळून पशुवैद्यांकडे धावलो. ते म्हणाले, बदकाच्या शेपटीपाशी तेलाची ग्रंथी असते, ते तेल बदक चोचीने पिसांना लावत बसतं, म्हणून ते भिजत नाही. तुम्ही सगळं धुऊन काढलंत. मग त्यांनी माझा व्यवसाय विचारला. मी शिंपी आहे म्हणून सांगितलं.

घरी लेक रडली नाही, ओरडली नाही. थरथरणाऱ्या पिठीला मांडीवर घेऊन दिव्याच्या उबेला बसली आणि खरंच माझ्याशी बोलली नाही. मी रोज तिच्या खोलीच्या दारात उभा राहायचो आणि तसाच परत फिरायचो. माझ्या मिरवायच्या हौसेपायी तिचं बदक मरता मरता वाचलं होतं.

पिसांना पुन्हा तेल चढलं तेव्हा आम्ही पिठीला तळ्यावर नेलं. ती डौलात पाण्यात उतरली, मस्त तरंगली. माझा जीव भांड्यात पडला. मी कौतुकाने काठाशी वाकलो, तशी ती घाईघाईने पलीकडच्या काठावर चढली आणि गवतात जाऊन लपली.

लेकीने माझा हात धरला. कितीतरी दिवसांनी ती माझ्याशी बोलली.

"बाबा, वाईट वाटून घेऊ नकोस. ती पाण्याला नाही घाबरत. फक्त तुला घाबरते."